काटोलला गेलेलं सतरावं खोकं

नागपूरला माणसं संत्र्यांच्या दिवसांत जातात, लग्नकार्याला जातात, बदलीवर तर रडत रडत जातात. मी तिथं एक यंत्र मोडायला गेलो होतो. परत आल्यापासून जो भेटतो तो "काय, कसं काय नागपूर?" असं विचारतो आणि मी दर माणसाला निराळं उत्तर देतो. खरं उत्तर जरा लांबलचक आहे, म्हणून एकदा लिहूनच काढतो.

आमची कंपनी दुसऱ्यांच्या नोंदी यंत्रावर करून देते. गिरण्यांची हजेरी, कारखान्यांतल्या कामगारांच्या वैद्यकीय तपासण्या, कुणाचं वय, कुणाचं वजन, असली लोकांची उठाठेव आम्ही व्यवस्थित रकान्यांत भरतो. त्याचं मोठं यंत्र नागपूरला होतं, कारण नकाशावर नागपूर मधोमध दिसतं. ही माहिती कार्डांवर असे. जाड, कडक कागदाचं वीतभर लांब कार्ड, आणि त्यात भोकं. कुठल्या रकान्यात कुठं भोक पडलं यावर सगळं शहाणपण. बावीस वर्षं त्या यंत्रानं भोकं चाचपली आणि आता त्याच्या जागी खराखुरा संगणक आला. त्याला गार खोली लागते, धूळ चालत नाही, चपला बाहेर काढाव्या लागतात. घरातल्या देवाला आम्ही इतकं कधी केलं नाही.

तेव्हा जुनं यंत्र आणि कार्डांची चोवीस खोकी यांची वाट लावायची होती. मुख्य कचेरीचा हुकूम असा : यंत्राचे तुकडे करावेत, ते पुन्हा जुळू नयेत, आणि कार्डे कोणाच्याही दृष्टीस न पडता, प्रत्यक्ष पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या डोळ्यांदेखत नष्ट करावीत. म्हणजे ज्याची दृष्टी हिशेबात धरायची नाही असा अधिकारी हवा होता. एकमतानं माझं नाव पुढं आलं.

निघताना मालतीनं, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, दोनच गोष्टी सांगितल्या. संत्री आणा. आणि तिकडं कचेरीत काही पाठकोरं निघालं तर टाकून येऊ नका.

हे दुसरं जरा समजावून सांगायला हवं. आमच्या घरात पाठकोरा कागद कधी टाकला गेलेला नाही. वडिलांपासूनची चाल आहे. लग्नपत्रिकेच्या पाठीवर वाणसामान, विजेच्या बिलाच्या पाठीवर मुलांची गणितं, कॅलेंडरच्या पानांच्या पाठीवर आणखी मोठी गणितं. स्वयंपाकघरात खिळ्याला एक चिमटा आहे, त्यात नेहमी बोटभर जाडीचा गठ्ठा असतो. ज्या दिवशी तो रिकामा होईल त्या दिवशी आमच्या घराण्याचं काही खरं नाही. हे मी गमतीनं सांगत नाही. पुढं जे झालं त्याचं मूळ त्या चिमट्यात आहे.

गाडीत

गाडीचा प्रवास सगळ्यांचा सारखाच असतो, तो सोडून देतो. फक्त अकोल्याला एक गृहस्थ चढले ते सांगायला हवेत. पांढरं धोतर, डोक्यावर टोपी, मांडीवर संत्र्यांची पिशवी. शामरावजी गोतमारे, राहणार काटोल, घरचा संत्र्याचा बगीचा. लेकीकडे जाऊन परत निघाले होते. पुण्याच्या माणसाशी गाडीत बोलायचं म्हणजे आधी त्याच्या पेपरची घडी पडावी लागते. यांनी सरळ माझ्या पेपरवर सोललेलं संत्रं ठेवलं.

"घ्या नं साहेब. काहून लाजता?"

मी एक फोड घेतली. बडनेऱ्यापर्यंत सात संत्री झाली. एवढं खाल्ल्यावर माणूस मोकळा होतो. मी त्यांना कुठं चाललोय ते सांगितलं, आणि पुस्तकात खूण म्हणून ठेवलेलं एक कोरं कार्ड काढून दाखवलं. त्यांनी ते वाकवून पाहिलं, दाताखाली धरून पाहिलं.

"हे तं लय मजबूत हाये गा! अन् तुमी हे जाळून राहिले?"

"हुकूमच आहे."

"आमी पेटीत संत्र्याच्या थरामंदी घालाले गवत धुंडून राहिलो, अन् हे असं कोरं करकरीत कागद जाळता तुमी?"

एका क्षणात तो माणूस मला नात्यातला वाटला. विदर्भात आमच्या चिमट्याचा कुणी वारसदार असेल असं मला वाटलंच नव्हतं. मी त्यांना रामदासपेठेतल्या कचेरीचा पत्ता दिला. पाठकोऱ्या कागदावर.

नागपूर

सकाळी कचेरीत पोचलो तर आधी पोहे. पुण्यात पोहे म्हणजे वर ओलं खोबरं, कडेला लिंबाची फोड आणि खाणाऱ्याच्या प्रकृतीची काळजी. इथं त्यावर हरभऱ्याची लालभडक तर्री ओतली आणि "तिखट नाई, साधंच हाये" असं सांगितलं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा शिपाई आणखी एक पळी घेऊन आला. आग्रहाच्या बाबतीत पुणं आणि नागपूर यांच्यात जो फरक आहे तो असा, की आम्ही "चहा घेणार का?" असं विचारतो, आणि हे विचारतच नाहीत.

शाखेचे साहेब रजेवर होते. सगळं मेश्रामबाईंच्या हाती होतं. वय पन्नाशीचं, पांढरी सुती साडी, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं मोजकं. यंत्र आलं त्या दिवसापासून त्या कार्डांना भोकं पाडत होत्या, आणि पुढं तेच काम त्यांनी कितीतरी मुलींना शिकवलं. चोवीसही खोकी त्यांनी नंबर घालून, सुतळीनं बांधून ओळीनं लावली होती. नमस्कार झाल्यावर पहिला प्रश्न :

"सर, जाळताना तुम्ही स्वतः उभे राहणार नं? शेवटपर्यंत?"

"अर्थात."

"गठ्ठा तसाच आगीत टाकला तर जळत नाही. कडा काळ्या होतात अन् आत सगळं शाबूत. एकेक कार्ड सुटं करून टाका लागते. मी येईन." मग त्यांनी सतरावं खोकं ओळीतून काढलं आणि दाराशी आणून ठेवलं. "हे पहिले. उद्या सकाळी वीटभट्टीवर पोचल्या पोचल्या हे."

का, ते मी विचारलं नाही. अधिकाऱ्यानं फार विचारू नये असा माझा समज आहे. त्यामुळं माझी बढतीही फारशी झालेली नाही.

दुपारी युसूफभाई भंगारवाले दोन घण घेऊन आले. यंत्र एवढं भक्कम की पहिल्या घावाला घणाचा दांडाच मोडला. "साब," युसूफभाई घाम पुसत म्हणाले, "ये मशीन बनानेवाले को किसी ने बताया नहीं था, के एक दिन तोडना भी है." हुकुमाप्रमाणं ते पुन्हा जुळता कामा नये होतं. खरं म्हणजे ते अखंड असतानाही बाईंशिवाय कुणाला जुळत नव्हतं. संध्याकाळपर्यंत पितळ एका पोत्यात, तांब्याच्या तारा दुसऱ्यात, लोखंड हातगाडीवर असं वेगवेगळं झालं. यंत्राच्या पोटातलं काळं तेल युसूफभाई नालीत सोडायला निघाले तर बाई आडव्या उभ्या राहिल्या.

"नालीत नाही भाई. खाली गाई पाणी पितात. डब्यात भरा."

"बाई, तेल का भी सर्टिफिकेट लगता क्या?"

"गाईला विचारा," बाई म्हणाल्या. तेल डब्यात गेलं.

आणि नेमक्या त्याच वेळी, बाई तेलावर लक्ष ठेवून अंगणात उभ्या असताना, शामरावजी गोतमारे कचेरीत हजर झाले. पिशवीभर संत्री घेऊन. त्यांची काटोलची यष्टी अर्ध्या तासात होती. समोर दाराशी एक खोकं, सुतळीनं बांधलेलं, उचलायला सोपं. बाकीची तेवीस भिंतीशी. मी मनाशी विचार केला : कार्डं नष्टच व्हायची आहेत, संत्र्यांबरोबर दिल्ली-कलकत्त्याला जाऊन नष्ट होतील. शिवाय ती भोकं वाचणार कोण? मला तर नुसती जाळी दिसते. शिवाय पाठ कोरी.

"हे एक न्या," मी म्हणालो. "कुणाला बोलू नका."

"तुमच्यासाठी आज राती पेटी बांधून ठेवतो. यष्टीनं धाडून देतो, पुन्याले न्यायची," असं म्हणत त्यांनी सतरावं खोकं खांद्यावर टाकलं. माझ्या मनात इतकं समाधान दाटलं होतं की त्या संध्याकाळी मी मालतीला पत्र टाकून कळवलं : इथं कागद वाया जाऊ दिला नाही.

दुसरा दिवस

सकाळी भट्टीवर जायला हातगाडी आली. बाईंनी दाराशी पाहिलं. मग भिंतीशी पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं. सांगताना हसलोसुद्धा. "अहो बाई, भोकं ती! कोण वाचणार?"

 बाईंनी सोळाव्या खोक्याची सुतळी सोडली, जराशी शोधाशोध करून एक कार्ड काढलं, चष्मा कपाळावर चढवला आणि कार्ड खिडकीच्या उजेडात धरलं. मालती साडीचा काठ बघते तसं.

"पुणे कचेरी," बाई वाचायला लागल्या. "वय त्रेपन्न. उंची पाच फूट चार. वजन... जाऊ द्या. चष्मा आहे. दात, वरचे, बसवलेले."

त्यांनी कार्ड माझ्यापुढं धरलं. ते माझं होतं. कंपनीच्या वार्षिक तपासणीचं. माझे वरचे दात माझे नाहीत हे पुण्यात माझ्या घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. आता लिहिलंच आहे, तर असो.

"तुमचे दात आहेत, तर तुम्हाला इतकं वाटून राहिलं," बाई म्हणाल्या. "सतराव्यात काय होतं, सांगू?"

सतराव्यात एका गिरणीच्या कामगारांची तपासणी होती. आठ-नऊ वर्षांपूर्वीची. कुष्ठरोगाची. ज्यांना लागण निघाली त्यांच्या कार्डावर चौऱ्याहत्तराव्या रकान्यात सातचं भोक. सगळ्यांनी औषधं घेतली, बरे झाले, कामाला लागले. भोक तेवढं राहिलं.

"एक जण कचेरीत आला होता, सर. माझ्यापुढे हात जोडून उभा. म्हणे, बाई, हे भोक बुजवता येते का? मी म्हटलं, भाऊ, बुजवता येत नाही. पण कोणाले वाचता येणार नाही, अन् एक दिवस मी माझ्या हातानं हे जाळीन. मी शब्द देल्ला होता त्याले." चिडल्यावर बाईंची पुस्तकी भाषा गळून पडत होती. "त्याची पोरगी आता काटोललेच देल्ली हाये. अन् वाचनारं कोणी नाही म्हणता तुम्ही? माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी साऱ्या विदर्भात सासरी गेल्या. कुठं उमरेड, कुठं काटोल. ते कार्ड संत्र्यासंगं कोणाच्या हातात पडन, काय माहीत. त्या पोरीच्या सासूले कळलं तर तिले घरात ठेवतीन का?"

मी टोपी घातली. खरं तर मी टोपी घालत नाही. शिपायाची होती, गडबडीत घातली. काटोलच्या यष्टीत बसल्यावर बाईंनी ती माझ्या डोक्यावरून काढून घडी केली आणि पिशवीत ठेवली. दोन तासांत तेवढाच संवाद झाला.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्यांचे बगीचे होते. फळांनी वाकलेल्या फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले. एरवी मी चार ओळी वर्णन केलं असतं. पण मला एकेका संत्र्यामागं एकेक कार्ड दिसत होतं.

काटोल

गोतमाऱ्यांचं घर शोधावं लागलं नाही. शामरावजींचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. आम्हाला पाहताच त्यांनी मला भाऊबंदकीतल्या पंचासारखं हाताला धरून ओट्यावर बसवलं.

"बरं झालं तुमी आले, साहेब! तुमीच सांगा. पाठकोरा कागद कोनी जाळते का?"

मी घाईनं विचारलं, "काय झालं?"

"आमची सूनबाई! शहरातली, शिकलेली. पहाटपासून चुलीपाशी बसून सारं खोकं जाळलं तिनं. एकेक कार्ड सुटं करून! आंघोळीचं पानी सकाळपासून उकळून राहिलं, इकडं भाकरी जळून गेली. काहून जाळलं म्हनाव, तं बोलतच नाई! तिच्या सासूनं इचारलं, मी इचारलं, पोरानं इचारलं. तोंडात गुळनी धरल्यासारखी उभी!"

आतून सूनबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली. तिशीची असेल. हातांना काजळी, डोळे धुरानं लाल. बाईंना पाहिलं आणि तांब्या खाली ठेवून ती थेट त्यांच्या पाया पडली.

"बाई!"

"कमल?" मेश्रामबाई म्हणाल्या.  लग्नाआधी चार वर्षं ही मुलगी त्यांच्या हाताखाली भोकं पाडत होती.

शामरावजी कौतुकानं आणखी पाणी आणायला वळले, तेवढ्यात ती हळूच बोलली. मी ओट्यावर होतो म्हणून ऐकू आलं.

"मामंजींनी काल खोकं आणलं. राती कंदिलापुढं सहज एक धरून पाह्यलं. चार वाचली, बाई. पाचवं वाचलं नाई."

"सांगितलं का कोणाले?"

"नाई. काहून जाळलं ते सांगाव, तं काय होतं ते सांगा लागते."

बाईंनी तिच्या गालावरची काजळी पदरानं पुसली.

जेवायला बसवलंच. पाटवड्यांची रस्सा भाजी, वांग्याचं भरीत, ठेचा, नवी भाकरी. सासूबाईंनी मेश्रामबाईंना विचारलं, "तुमी कोन्या गावच्या, बाई?" हा प्रश्न गावाबद्दल नसतो हे पुण्यातही कळतं. "नागपूरच्या," बाई म्हणाल्या, "छप्पन सालापासून बुद्धाच्या."  तोवर कमलनं बाईंचं ताट मांडलं होतं, आपल्या ताटाला लागून. सासूबाईंनी पाहिलं, आणि मग भरीत वाढलं. मला वाढलं त्यापेक्षा जास्त.

शामरावजींचं मात्र चाललंच होतं. "सांगा नं साहेब. कोनी जाळते का?"

माझ्या तोंडात ठेचा होता. समोर कमल उभी होती. काल सकाळी ज्या माणसाला यंत्राचे तुकडे करायचा अधिकार होता, त्याला आता एक वाक्य जुळवता येईना. "शामरावजी," शेवटी मी म्हणालो, "तुमची सून आमच्या मुख्य कचेरीत असती, तर मला नागपूरला यावंच लागलं नसतं."

त्यांना हा पुणेरी टोमणा वाटला. त्यांनी सुनेकडे रागानं पाहिलं. तिनं खाली मान घालून मला आणखी एक पाटवडी वाढली.

निघताना काल बांधून ठेवलेली पेटी त्यांनी माझ्या स्वाधीन केली. नागपूरपर्यंत ती माझ्या मांडीवर होती. येताना बाई माझ्याशी बोलल्या. म्हणजे टोपी परत दिली आणि म्हणाल्या, "शिपायाला द्या. शोधत असेल."

भट्टी

तिसऱ्या दिवशी उमरेड रस्त्यावरच्या वीटभट्टीवर तेवीस खोकी जाळली. बाई कार्डं पत्त्यांसारखी पिसत, सुटी करत, आणि मी टाकत होतो. माझं दातांचं कार्ड बाईंनी वेगळं काढून माझ्या हातात दिलं. "हे तुम्हीच टाका." टाकलं. आगीला दातांचं काही वाटलं नाही.

मग प्रमाणपत्र. तीन प्रती. "एकूण चोवीस खोकी माझ्या डोळ्यांदेखत नष्ट करण्यात आली." मी पेन हातात धरून बसलो. तेवीस म्हणावीत तर चोविसावं कुठं गेलं ते लिहावं लागेल, आणि ते लिहायचं तर काय होतं ते लिहावं लागेल.

"बाई, हे खरं नाही."

"खोकं जळलं हे खरं आहे नं?"

"पण माझ्या डोळ्यांदेखत नाही."

"तुमच्या डोळ्यांदेखत खोकं कुठं गेलं, ते पाहिलं नं मी," बाई म्हणाल्या. मी सही केली.

घरी

पुण्यात मालतीनं पेटी स्वयंपाकघरात घेतली आणि सुरीनं वरची फळी उचकटली. संत्र्यांचा वास घरभर झाला. पहिला थर काढला. त्याखाली गवत. दुसरा थर काढला.

"अगंबाई!" ती आनंदानं ओरडली. "बघा तरी, किती छान कागद घातलाय! जाड आहे, आणि पाठकोरा!"

दोन थरांच्या मधे दहा-बारा कार्डं नीट अंथरलेली होती. म्हणजे शामरावजींनी पेटी बांधली तेव्हाच घातलेली, कमलनं कंदिलापुढं पहिलं कार्ड धरण्याच्या आधी. मालतीनं ती पुसून, कडा जुळवून चिमट्यात लावलीसुद्धा.

मी एक काढून खिडकीशी धरलं. मला वाचता येत नाही. नुसती जाळी दिसली, आणि जाळीतून समोरच्या वाड्यातलं वाळत घातलेलं धोतर. तरी मी ते लवकर खाली घेतलं.

न्हाणीघरात बंब पेटलेला होता. मी चिमट्यातली सगळी कार्डं काढली, पिसली, सुटी केली, आणि एकेक करून बंबात टाकायला लागलो. चौथ्या-पाचव्या कार्डाला मालती दारात आली. काही वेळ तिला आपण काय बघतोय ते कळेना. मग कळलं.

"अहो! पाठकोरं होतं ते!"

मी पुढचं टाकलं.

"चांगला कागद कुणी जाळतं का? का जाळलंत? अहो, मी विचारतेय, का जाळलंत?"

तीस वर्षांच्या संसारात मी तिच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर दिलं आहे, बहुतेक चुकीचं. या एका प्रश्नाला दिलं नाही. शेवटचं कार्ड टाकलं, ते आकसून काळं होईपर्यंत तिथंच उभा राहिलो, आणि मग प्रमाणपत्रातलं ते वाक्य, सही केल्यानंतर तीन दिवसांनी का होईना, खरं झालं.

ती अजून अधूनमधून विचारते. आंघोळीचं पाणी त्या दिवशी फार कढत झालं होतं, एवढंच मी सांगतो.